आठवण एकाची जाते, झोप सगळ्या घराची



बाहेरच्या फलकावर आजचा विषय लिहिला आहे : 'स्मृतिभ्रंश आणि कुटुंबांचे आधारगट'. तो वाचून आपण आलात, याचा आनंद आहे. पण ज्यांच्यासाठी हा विषय निवडला, त्यांच्यातले बरेच जण आज बोईसरच्या या सभागृहात नाहीत. त्यांना यायचं नव्हतं असं नाही. ज्याला दोन तास एकटं सोडता येत नाही, असं माणूस त्यांच्या घरात आहे. कुणी तरी गॅस चालू ठेवील, कुणी दार उघडून थेट रुळांकडे चालायला लागेल, म्हणून ही माणसं घरी बसली आहेत. आजचं व्याख्यान त्यांच्याविषयी आहे.

सुरुवात स्मृतिभ्रंशाच्या एका जुन्या नोंदीपासून करू. १९०१ सालचा नोव्हेंबर. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेच्या कचेरीत कारकून. तिच्या आजाराचं पहिलं लक्षण म्हणून जे नोंदलं गेलं, ते विसरणं नव्हतंच. ती नवऱ्यावर संशय घ्यायला लागली होती. मग स्मरणशक्ती झपाट्याने खालावली, स्वतःच्याच घरात तिला वाट सापडेना, वस्तू इकडच्या तिकडे ओढून ती लपवायला लागली. आपल्याला कुणी तरी मारायला येतंय असं वाटून ती किंचाळायची. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिला तपासलं. एप्रिल १९०६ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या वैद्यकीय सभेत अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत काय आढळलं ते सांगितलं. १९१० साली मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

तिचा मेंदू जगभर गाजला. आणि तो रेल्वेतला कारकून? संशय त्याने झेलला, किंकाळ्या त्याने ऐकल्या, सकाळी उठून कचेरीत तोच गेला. त्याला कुणी विचारलं का, 'बाबा रे, तू झोपलास कधी?'

हा प्रश्न संघटितपणे विचारायला जगाला पुढे सत्तरहून जास्त वर्षं लागली. ब्रिटनमध्ये १९७९ साली, अमेरिकेत १९८० साली, जपानमध्ये क्योटोला त्याच वर्षी अशा कुटुंबांच्या संघटना उभ्या राहिल्या. १९८४ साली त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. आपल्याकडे १९९२ साली केरळात डॉ. के. जेकब रॉय यांनी 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था सुरू केली. त्यांच्या स्वतःच्या वडिलांना हा आजार झाला होता. डॉक्टर असूनही घरात काय करायचं हे कळेना, तेव्हा त्यांनी संस्था काढली. तिच्या शाखा पुढे मुंबईसह अनेक शहरांत पोचल्या.

आता आपल्या देशाचा आकडा. आकडे एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीचे आहेत; ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. दर तेरा-चौदा ज्येष्ठांमागे एक. २०३६ पर्यंत हा आकडा पावणेदोन कोटींच्या आसपास जाईल असा अंदाज आहे. आणि एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा : हे प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे, शाळा न पाहिलेल्यांत जास्त आहे. 'हा मुंबईतल्या शिकलेल्या, सुखवस्तू लोकांचा आजार' असं कुणी म्हणालं, तर त्याला आपल्या जिल्ह्यातल्या दुर्गम जव्हार-मोखाड्याची आठवण करून द्या. तिथे आजार कमी नाही. निदान कमी आहे.

आता बोईसरकडे या. हे गाव कुणाचं आहे? तारापूरच्या अणुवीज केंद्रातून २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी वीज सुरू झाली. देशातलं ते पहिलं अणुवीज केंद्र. त्यानंतर एमआयडीसी वाढली, रंग-रसायनं, कापड, पोलादाचे कारखाने आले आणि माणसं आली. खानदेशातून आली, कोल्हापूर-साताऱ्याकडून आली, कोकणातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आली. विशी-पंचविशीत आली. त्यांची आजची वयं मोजा. जी पहिली पिढी इथे पाळ्या करून, भाड्याच्या खोल्यांतून स्वतःच्या ब्लॉकमध्ये गेली, ती आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. म्हणजे नेमकी त्या वयात आहे, जिथे हा आजार दार ठोठावतो.

आणि इथे यांची भावकी नाही. मूळ गावात म्हातारा भरकटला तर वेशीवरचा कुणी तरी म्हणतो, 'अहो तात्या, इकडे कुठे? चला घरी.' बोईसरच्या स्टेशनवर उभा असलेला असाच म्हातारा कुणाचा कोण? तो समोर आलेल्या गाडीत चढला तर? एका बाजूला विरार-मुंबई, दुसऱ्या बाजूला वापी-सुरत. मुलगा पाळीवर, सून घरात, दुसरा मुलगा पुण्यात नाही तर परदेशात. आपण फार अभिमानाने म्हणतो, आपल्याकडे कुटुंब सांभाळतं. खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी कुटुंब सांभाळत नाही, कुटुंबातली एक बाई सांभाळते. बायको, सून किंवा मुलगी. बाकीचे सल्ला देतात, तोही फोनवर.

यापुढचं जरा सावकाश बोलायला हवं, कारण सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मानसोपचारतज्ज्ञांचा गोव्यातला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. म्हातारपणातल्या या विसरण्याकडे लोक कसं पाहतात, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. डिमेन्शियाची लक्षणं लोक नेमकी ओळखत होते. पण तो आजार आहे, असं कुणी मानत नव्हतं. वय झालं की असं व्हायचंच, असं समजलं जायचं. म्हणून डॉक्टरांकडे असे रुग्ण क्वचितच पोचत. आणि दुसरं कारण सांगितलं जायचं ते असं : मुलं लक्ष देत नाहीत, प्रेम देत नाहीत, हाल करतात, म्हणून म्हातारी माणसं अशी होतात.

काय झालं बघा. आजार मेंदूला, आणि आरोप सुनेवर.

आपल्या घराघरांतलं एक वाक्य आहे. सासूबाई जेवून हात धुतात. पाच मिनिटांनी शेजारच्या काकू येतात. सासूबाई त्यांना सांगतात, 'सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. हिने वाढलंच नाही.' त्या खोटं बोलत नसतात. त्यांच्या मेंदूत त्या जेवणाची नोंदच झालेली नसते. पण काकूंच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते सुनेला दिसतं. संध्याकाळी ते बिल्डिंगभर होतं. मग नणंदेचा फोन येतो. ज्या बाईने पहाटे चारला चादर बदलली, सातला अंघोळ घातली, दहाला भरवलं, तिला दुपारी स्वतःच्या नणंदेपुढे सिद्ध करावं लागतं की आपण सासूला उपाशी ठेवत नाही.

ही बाई जाणार कुठे? माहेरी सांगितलं तर 'सहन कर' म्हणतात. नवऱ्याला सांगितलं तर त्याला ती त्याच्या आईची निंदा वाटते. डॉक्टरांकडे गर्दी असते. तिला अशा एका खोलीची गरज असते, जिथे तिने 'त्या म्हणतात मी जेवायला देत नाही' एवढं म्हणताच समोरच्या सहा जणी मान डोलावतील आणि एक जण म्हणेल, 'आमच्याकडे रोज.' त्या खोलीला आधारगट म्हणतात. मराठीत त्याची दुसरी व्याख्या करण्याची गरज नाही.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथे व्यसनी माणसांच्या बायकांचा 'सहचरी' गट उभा राहिला. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनला बळ दिलं. तिथे कुटुंबीय एकत्र बसतात. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. या परंपरेत रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. डिमेन्शियासाठी मुंबईत गट आहेत. आपल्याच जिल्ह्यात, नालासोपारा पश्चिमेला राजोडीत, सिल्व्हर इनिंग्ज या संस्थेचं 'ए-वन स्नेहांजली' हे डिमेन्शियाग्रस्तांनाही सांभाळणारं निवासी केंद्र आहे. पण बोईसरच्या सुनेला दर महिन्याला मुंबईला जा म्हणून कसं सांगणार? तिला घरातून स्टेशनपर्यंत पोचणंच जड आहे.

काही जण विचारतील, नुसतं बोलून काय होतं? रडून मन हलकं झालं, बरं, पुढे?

पुढे बरंच काही होतं, आणि ते मोजलं गेलं आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाग्रस्तांच्या नवऱ्यांचा आणि बायकांचा अभ्यास केला. एका गटाला कुटुंबासह समुपदेशन, आधारगट आणि गरज पडेल तेव्हा फोनवर सल्ला. दुसऱ्याला नेहमीची सेवा. १९९६ साली काही निष्कर्ष आले आणि २००६ साली ४०६ जोडीदारांवरचे दीर्घ निष्कर्ष. ज्यांना आधार मिळाला, त्यांच्या घरातलं माणूस शुश्रूषागृहात जाण्याची वेळ सरासरी दीड वर्षाने पुढे गेली. ५५७ दिवस. औषध तेच, आजार तोच. बदल झाला तो सांभाळणाऱ्या माणसात.

'ते अमेरिकेत,' असं कुणी म्हणेल. मग गोव्यात चला. तिथे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर सहा महिन्यांचा प्रयोग केला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. घरोघर कोण गेलं? मेंदूचे डॉक्टर नव्हे. बारावीपर्यंत शिकलेल्या, कोंकणी बोलणाऱ्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या. पंधरा दिवसांतून निदान एक फेरी. आजार म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं, संशय आणि रागाच्या वेळी कसं वागायचं ते शिकवलं, सरकारी योजनांची माहिती दिली, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून दिली. आणि एका कुटुंबाची दुसऱ्या कुटुंबाशी ओळख करून दिली, जेणेकरून त्यांचे गट व्हावेत. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याने होणारा त्यांचा त्रास कमी झाला. बारावी पास, स्थानिक बोली येणाऱ्या, घरोघर ओळख असलेल्या बायका बोईसर-पालघरमध्ये नाहीत का? बचत गटांची एवढी मोठी फळी कुणी उभी केली?

गटात नेमकं काय शिकायला मिळतं, हेही सांगायला हवं. पुस्तकांत वाक्यं असतात, गटात वापरून पाहिलेल्या गोष्टी असतात.

रोज संध्याकाळी वडील स्वतःच्याच घरात चप्पल घालून उभे राहतात आणि 'मला घरी जायचंय' म्हणतात. मुलगा ओरडतो, 'हेच तुमचं घर! वीस वर्षं राहताय!' वाद वाढतो, कधी हात उठतो. गटातली एखादी बाई सांगते : वाद घालू नका, 'चला' म्हणा, बिल्डिंगला एक फेरी मारा, चहा ठेवा, घरी काय काय आहे ते त्यांनाच विचारा. दिवस मावळताना बेचैनी वाढणं हे या आजाराचं ओळखीचं रूप आहे, हे कळलं की मुलाचा निम्मा राग उतरतो. अंघोळीला नकार देणाऱ्या आजीला डोक्यावरून पाणी ओतलं तर भीती वाटते, पायांपासून सुरुवात केली तर चालतं, हेही गटातच कळतं. चिंचणी-तारापूर पट्ट्यात दागिन्यांच्या डाय कोरणारे कितीतरी कारागीर आहेत. अशा एखाद्या कारागिराला मुलाचं नाव आठवत नसेल, पण हातांनी आयुष्यभर केलेलं काम मेंदूत बराच काळ टिकतं. त्याच्या हातात धार नसलेलं अवजार आणि पितळेचा तुकडा दिला, तर त्याची दुपार शांत जाऊ शकते. असं औषध चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

मग पैशांच्या गोष्टी. इथे उशीर फार महाग पडतो. अनेक घरांत मुलगा वडिलांचं मुखत्यारपत्र करून घेतो आणि निश्चिंत होतो. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणारा माणूस मनाने असमर्थ झाला की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे नेमकं जेव्हा लागतं, तेव्हाच ते उपयोगी पडत नाही. मग खातं, घर, विमा यांसाठी पालक नेमून घ्यायला कुटुंबांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलेलं आहे. म्हणून निदान झाल्याबरोबर, माणसाला समजतंय तोवर, संयुक्त खातं, नामनिर्देशन, मृत्युपत्र ही कामं उरकून घ्यायची. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. चेहरा दाखवून मोबाईलवरून तो देता येतो, बँकेच्या रांगेत आईला दोन तास उभं करायची गरज नाही. हे ज्याने मागच्या वर्षी केलं, तो या वर्षी दुसऱ्याला शिकवतो.

आणि एक गोष्ट गटाबाहेर कुणी बोलत नाही. सांभाळणाऱ्या माणसाच्या मनात कधी तरी येतं, 'आता सुटावेत हे.' येतं. चांगल्या, प्रेमळ माणसांच्या मनात येतं. मग अपराधी वाटून तीच बाई स्वतःला खात राहते. गटात एखादीने हे उघड म्हटलं आणि कुणीही दचकलं नाही, तर ती बाई त्या रात्री झोपते. झोपलेली बाई दुसऱ्या दिवशी सासूवर कमी ओरडते. आधारगटाचा लाभ रुग्णापर्यंत कसा पोचतो, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

या संदर्भात 'अस्तु' या चित्रपटाची आठवण अपरिहार्य आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २०१३ सालचा. डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतचे निवृत्त पंडित चक्रपाणी शास्त्री उभे केले. स्मृतिभ्रंश झालेले शास्त्री हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या घरी पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष, त्यांना लहान मुलासारखं सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण चित्रपट पाहताना चन्नम्माइतकंच शास्त्रींच्या मुलीकडे, इराकडे पाहा. चन्नम्माने एक दिवस सांभाळलं. इराने कितीतरी वर्षं सांभाळलं आहे, ती चिडलेली आहे, थकलेली आहे, आणि प्रेक्षक चटकन तिच्यावर रागावतात. आगाशे हे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी या चित्रपटाचे खेळ गावोगावी चर्चेसह केले. बोईसरच्या गटाची पहिली बैठक 'अस्तु' दाखवून सुरू करता येईल. लोक स्वतःबद्दल लगेच बोलत नाहीत, इराबद्दल बोलतात. मग हळूहळू स्वतःवर येतात.

गट सुरू करताना काही पथ्यं पाळावी लागतील. निदानाआधी गट नको. विसरण्यामागे कधी बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता असते, कधी थायरॉइड, कधी नैराश्य, आणि ते बरं होऊ शकतं. डॉक्टरांची तपासणी झालीच पाहिजे. औषध बदलण्याचे सल्ले गटात द्यायचे नाहीत. घरगुती परिचारिका पुरवणाऱ्या एजन्सीची आणि स्मरणशक्तीच्या चूर्णाची जाहिरात तिथे चालता कामा नये. बैठकीत ऐकलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. आपल्या कॉलन्यांत गोष्ट लगेच पसरते आणि हा नियम मोडला तर गट दुसऱ्या महिन्यात मोडेल. भाषण नको. आमच्यासारख्या वक्त्यांना तर वर्षातून एकदाच बोलवा. भाषा मराठी, हिंदी, गुजराती, वारली, जी येईल ती. आणि पुरुषांना आग्रहाने बोलवा. बायकोला सांभाळणारे निवृत्त पुरुष आपल्या कॉलन्यांत आहेत, पोळ्या शिकले आहेत, वेणी घालायला शिकले आहेत, आणि कुणाशीही बोलत नाहीत.

महिन्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेली जागा, दीड तास. सहा जण आले तरी पुरे, दोघं आले तरी बैठक रद्द करायची नाही. बाजूच्या खोलीत रुग्णांसोबत बसायला कॉलेजचे दोन-तीन विद्यार्थी हवेत, नाही तर कुणाला घर सोडता यायचं नाही. ज्यांना अजिबातच निघता येत नाही, त्यांच्यासाठी फोन. केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आहे. दोन्ही मोफत, दोन्ही मराठीत. या सभागृहातल्या प्रत्येकाने आत्ता ते मोबाईलमध्ये साठवून घ्यावेत.

घरं शोधायची कशी? इथे बसलेल्या आशाताई, म्हणजे आपल्या आरोग्य कार्यकर्त्या, उत्तर देतील. तिशीपुढच्या प्रत्येक माणसासाठी त्या जो तपासणीचा अर्ज भरतात, ज्याला त्या सीबॅक म्हणतात, त्यात ज्येष्ठांसाठी एक प्रश्न छापलेला आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? प्रश्न विचारला जातो, 'हो' वर खूण होते. पुढे त्या 'हो'चं काय होतं? आशाताईंना ते घर कुठे पाठवावं हेच माहीत नसेल, तर त्या तरी काय करणार? त्यांच्या हातात गटाचा वार, जागा आणि एका माणसाचा फोन नंबर छापलेली चिठ्ठी द्या. एवढ्या एका चिठ्ठीने तो अर्ज कामाला लागेल.

सप्टेंबर हा जगभर अल्झायमरविषयीच्या जागृतीचा महिना मानतात, २१ तारखेला त्याचा दिवस असतो. त्या दिवशी फेरी काढू, फलक लावू, सगळं करू. पण आयोजकांकडे एक विनंती आहे, आणि ती आजच, सगळ्यांसमोर. या इमारतीतली एक खोली आणि तिच्या शेजारची दुसरी, महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तीन ते साडेचार, वर्षभरासाठी विनामूल्य द्यावी. दाराशी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी, आणि ज्यांना बाजूच्या खोलीत बसायला जमेल त्यांनीही, व्याख्यान संपल्यावर तिच्यात नाव लिहावं. आता प्रश्न घेऊ.